जित्याचं तोंड उजवीकडं

प्रल्हाद खंदारे गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. त्यांच्या लेकीचा फोन होता. "ताई, पप्पा गेले. परवाच माती झाली, आमच्याच गावाला. गडबडीत तुमाला कळवायचं राहून गेलं." मी "अरेरे" म्हणाले, वहिनींची चौकशी केली, फोन ठेवला आणि पिशवी घेऊन गिरणीत गेले. माझ्या आधी चौघींचे डबे होते. मी नंबराला थांबले. अकरा वर्षं ज्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसलो तो गेला, आणि आपल्याला काहीच कसं होत नाही, एवढा विचार मात्र आला. मग माझा नंबर आला.

अजूनही फारसं काही होत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. लिहिता लिहिता झालं तर झालं.

परभणीत त्यांना प्रल्हाद म्हणणारं कोणी नव्हतं. सगळे पेंटर म्हणत. तरुणपणी त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लग्नघरांच्या भिंतींवर नवरानवरीची नावं काढली, ट्रकच्या मागे मोर काढले. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत त्यांचे ब्रश वाळून गेले. पंचेचाळिशीत हा माणूस कॉलेजच्या पोरांबरोबर कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसला. माऊस हातात आला तरी कानावरची पेन्सिल काही उतरली नाही. तिचा उपयोग ते काय करायचे ते मला अकरा वर्षांत कळलं नाही.

आमचं मासिक होतं 'सूरसाथ'. बसस्टँडच्या मागे एका टेलरच्या दुकानावर दोन खोल्या, तेच ऑफिस. गिराम सर हे शाळेतून रिटायर झालेले संगीतशिक्षक. आपल्या भागात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची कोणी दखल घेत नाही म्हणून त्यांनी हे मासिक काढलं. भजनी, भीमगीतांच्या पार्ट्या, कव्वाल, गोंधळी, बँडवाले, सगळे त्यात यायचे. सर लिहायचे, मी प्रुफं तपासायची आणि पत्ते चिकटवायची, पेंटर कव्हर करायचे. आतल्या पानांकडे ते ढुंकूनही बघत नसत. "आतलं तुमी बगा. दार माझं," म्हणायचे.

त्या दाराचे कायदे मात्र कडक होते. मासिकाचं नाव वर, आणि माणसाचं डोकं नावाच्या पुढं. डोक्यानं एखादं अक्षर झाकलं तरी चालेल. सरांना ते बघवायचं नाही.

"अहो पेंटर, 'सूरसाथ'मधला 'र' गायब आहे."

"सर, नाव दर महिन्याला हायच की. माणूस एकदाच येतो."

डोक्याच्या वर दोन बोटं आभाळ पाहिजे. ही दोन बोटं ते खरोखर मॉनिटरला लावून मोजायचे, त्यामुळे मॉनिटरच्या वरच्या कडेला त्यांच्या बोटांचे डाग पडले होते. वाजवणाऱ्याचे हात कव्हरच्या बाहेर कापले जाता कामा नयेत. आतल्या लेखांची नावं तीनच, आणि तीही माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला. गाणाऱ्याच्या गळ्यावर एक अक्षर टाकायचं नाही. "गळा दाबल्यावानी होतं, ताई." एकदा जागा नव्हती म्हणून छापखान्यातल्या माणसानं 'दिवाळी अंक' ही अक्षरं एका गायिकेच्या गळ्यावर नेऊन ठेवली. पेंटरांनी त्याच्याशी सहा महिने बोलणं टाकलं. निरोप असला की मला सांगायचे, तो समोर उभा असला तरी.

अंक निघाला की दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडवर जात. तिथल्या स्टॉलवर मासिकं दोरीवर घडी घालून टांगलेली असतात, त्यामुळे कव्हरचा वरचा अर्धाच दिसतो. पेंटर समोरच्या रसवंतीवर एक ग्लास घेऊन तासभर उभे राहायचे. गंगाखेडच्या गाडीची वाट बघणारा, बाळाला कडेवर घेतलेली, पोतं सांभाळत बसलेला, यांच्यापैकी कोणाची नजर दोरीवर थांबते का, तेवढंच बघायचं. थांबली की परत येऊन डबा खात. नाही थांबली तर डबा तसाच घरी. ऊन लागून कव्हरचा कोणता रंग आधी उडतो हेही त्यांनी तिथंच उभं राहून शिकून घेतलं होतं. "आधी पिवळा मरतो, मग लाल. निळा लय चिवट." आमच्या मासिकाचं नाव कायम निळ्यात असायचं ते त्यामुळे.

एकदा जिंतूरचा एक ऑर्केस्ट्रावाला गायक यायचा होता कव्हरवर. फोटो आला तो काळा गॉगल लावलेला. पेंटरांनी फोटो परत पाठवला. दुसरा आला, त्यातही गॉगल. शेवटी तो तिशीतला गडी स्वतःच ऑफिसात आला. "पेंटर, गॉगल माझी ओळख हाय. पब्लिक मला गॉगलवरच ओळखतं."

"डोळे झाकून कव्हरवर येता येत न्हाई. काढा."

त्यानं सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेंटरांना बाहेर जिन्यात चला म्हणाला. दार उघडंच होतं. जिन्यात त्यानं गॉगल काढला. उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं होतं, पूर्ण. पेंटर जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "घाला." त्या महिन्याचं कव्हर गॉगलसकट छापलं. सरांनी पुढं वर्षभर त्यांना चिडवलं, की आमच्या पेंटरांनी कायदा विकला, एका गॉगलाला विकला. पेंटर हसून ऐकून घ्यायचे. खरं काय ते त्यांनी सरांनाही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

पण सगळ्यात मोठा कायदा तोंडाचा. जित्या माणसाचं तोंड उजवीकडं, म्हणजे अंक जिकडून उघडतो तिकडं. गेलेल्या माणसाचं तोंड डावीकडं, घडीकडं. काळी चौकट नाही, हार नाही, 'श्रद्धांजली' हा शब्द नाही. "चौकट मारली की आधी चौकट दिसती, माणूस न्हाई," हे त्यांचं म्हणणं. एखादा गेलेला गायक कव्हरवर घ्यायचा झाला की त्याचा डावीकडं बघणारा फोटो शोधायचा, बस्स.

हा कायदा आम्ही कुठं छापला नव्हता. पण दोन-तीन वर्षांत तो गावोगाव पोचला. पोस्टमननं अंक टाकला की बायामाणसं आधी तोंड कुणीकडं आहे ते बघायची. सोनपेठच्या आठवडी बाजारात एका माणसाला आपला जुना पेटीवाला गेल्याचं आमच्या कव्हरवरनंच कळलं होतं. पेंटरांना याचा अभिमान होता. मला तेव्हा त्यात काही धोका दिसला नाही.

याच कायद्यापायी त्यांच्या हातून एक चूक झाली. गंगाखेडचे लिंबाजी ढोलकीवाले कव्हरवर यायचे होते. म्हातारे ठणठणीत होते, पण एकुलता एक चांगला फोटो डावीकडं बघणारा. वेळ नव्हता. पेंटरांनी कॉम्प्युटरवर फोटो उलटा फिरवला. तोंड उजवीकडं आलं. कव्हर झकास दिसत होतं, सरांनी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी लिंबाजी एसटीनं आले, खांद्याला ढोलकी. कोणाशी न बोलता खाली बसले, ढोलकी मांडीवर घेतली आणि वाजवायला लागले. खालचा टेलर मशीन बंद करून वर आला. पाचेक मिनिटांनी थांबले आणि विचारलं, "पेंटर, सांगा बरं, ढोलकीच्या बारीक तोंडावर माझा कोणता हात हाय?"

"उजवा," पेंटर म्हणाले, आणि तिथंच त्यांना कळलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"ह्यो हात माझ्या उस्तादानं छडीनं मारून मारून बसवलाय. मी मूळचा डावरा. चार साल मार खाल्ला तवा कुठं उजवा चालला. तुमी एका दिवसात मला पुन्हा डावरा केलाव. आता लोक मनायलेत, लिंबाजीचं खरं रूप पेंटरनं दावलं."

लिंबाजी रागावले नव्हते. ते फक्त सांगत होते, आणि त्यामुळे ऐकणं जास्त अवघड झालं. पेंटरांनी त्यांचे पाय धरले. त्यानंतर त्यांनी कोणाचाही फोटो उलटा केला नाही. जित्या माणसाचा उजवीकडचा फोटो नसला तर स्वतः कॅमेरा घेऊन गावी जायचे, दोन-दोन एसट्या बदलून.

आता वहिनींबद्दल. कौसाबाई या सोनपेठकडच्या. लग्नाआधी त्या सखाराममामांच्या भीमगीतांच्या पार्टीत गायच्या. हे सखाराममामा नात्याचे कोणी नव्हेत, पार्टीचे म्होरके, सगळ्यांचे मामा. पेंटर एका जयंतीला त्या गावात कमान रंगवायला गेले होते. स्टेजवर वहिनी गात होत्या. पेंटरांनी आवाज ऐकून मागणी घातली. परभणीत आल्यावर वर्षभर वहिनी कार्यक्रमांना जात होत्या. मग गल्लीतलं कोणी काही बोललं, सासू काही बोलली, आणि एक दिवस पेंटर म्हणाले, "आता बस झालं." वहिनींनी बस केलं. असं केलं, की पुढं भाकरी थापतानाही त्यांच्या तोंडून कधी सूर निघाला नाही.

हे मला त्यांनीच सांगितलं, एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना, भाजीचा भाव सांगावा तसं. शेवटी म्हणाल्या, "ताई, एकच वाटतं. एकदा कव्हरवर यावं. लेकीच्या लेकरायला दावायला, की आजी गायची. न्हाईतर कोन खरं मानल? मी एकदा यांना विचारलं बी. घरचं मानूस कव्हरवर न्हाई, मनले. मग पुन्हा न्हाई विचारलं."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा विषय काढायचं ठरवलं होतं. काढला नाही. नंतरही काढला नाही.

मग मासिक बंद पडलं. तसं ते बरेच दिवस पडतच होतं. लोक मोबाईलवर गाणी बघायला लागले, कव्हर कोण बघणार? सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं होतं. एका मंगळवारी ते म्हणाले, "पुढचा अंक शेवटचा." मी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर छातीत धस्स होईल. काही झालं नाही. भूक लागली होती तेवढं कळत होतं.

पेंटर खुर्ची फिरवून म्हणाले, "शेवटच्या कव्हरवर कोन?"

"तुम्हीच सांगा. इतकी वर्षं तुम्हाला कधी विचारलं नाही."

"आमची कौसा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रुफाकडे पाहिलं. घरचं माणूस नाही हा कायदा त्यांनीच मोडला होता.

त्या संध्याकाळी पेंटर घरी कॅमेरा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी रिकामेच आले. "बसंना. मी मनलं, माईक धर, तोंड उघड. मनली, गळ्यातून काय निघना अन् खोटंच तोंड वासून बसू का?" चार दिवस त्यांनी प्रयत्न केला. पाचव्या दिवशी खिशातून एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. वहिनींच्या ट्रंकेत तळाशी होता. जयंतीचा स्टेज, हातात माईक, वय वीस-बावीस, आवाज वर चढलेला. आणि तोंड डावीकडं.

सर म्हणाले, "उलटा करा. बाईच्या हातात ढोलकी नाही, पेटी नाही. कोणाला कळणार?"

"पदर दुसऱ्या खांद्यावर जाईल. मला कळल."

"पेंटर, लोक समजतील ती गेली."

पेंटरांनी पेन्सिल कानावरून काढली, बघितली, परत ठेवली. "गानारी गेलीच की सर. मीच घालवली. कव्हर खोटं न्हाई."

खोलीत पंखा चालू होता. मी ज्या शब्दावर काना द्यायचा राहिला होता तिथं काना दिला. आज कोणी मला विचारलं, की त्या वेळी तू उठून काही बोलायला हवं होतंस का, तर हो, बोलायला हवं होतं. कव्हरवर कोणासाठी काय खरं असतं आणि पोस्टमन टाकून गेल्यावर ते काय होतं, हे आम्हा तिघांनाही चांगलं माहीत होतं. सरांनी वहिनींवर दोन पानं लिहिली, सगळी जुन्या दिवसांची. बाई जिवंत आहेत, असं कुठंतरी लिहावं हे त्यांना सुचलं नाही, आणि प्रुफं वाचणाऱ्या मला तर नाहीच नाही.

अंक गेला. ऑफिसचा फोन तोवर कापलेला होता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी उरलेल्या अंकांचा गठ्ठा द्यायला पेंटरांकडे गेले. वसमत रोडच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर, पुढं छोटासा ओटा. मी गठ्ठा ठेवते तोवर एक जीप येऊन थांबली. सात-आठ माणसं उतरली. दोन म्हाताऱ्यांनी उतरता उतरताच गळा काढला. "कौसा गं माझी बाई!" पांढरं धोतर नेसलेले एक थकलेले गृहस्थ पुढं आले आणि त्यांनी पेंटरांना मिठी मारली. ते सखाराममामा.

"पेंटर, मातीला तरी बोलवायचं होतं. आमी काय परके होताव? दोन दिवस झाले, कव्हर बघून घरात अन्न शिजलं न्हाई."

 तेवढ्यात आतून वहिनी बाहेर आल्या, हाताला पीठ.

"कोन गेलं?"

रडणं बंद पडलं. एका म्हातारीनं पुढं होऊन त्यांच्या गालाला हात लावला, दंड चाचपला. "तू हाईस?"

"हाव की."

सखाराममामा ओट्यावर मटकन बसले. कोणाला हसू येईना, रडू येईना. मलाही काही येत नव्हतं. मी जीपकडे पाहिलं तर त्यात पेटी आणि ढोलकी होती. त्यांच्या पार्टीची रीतच होती, पार्टीतलं कोणी गेलं की त्याच्या दारी बसून एक अख्खा कार्यक्रम गायचा.

वहिनींनीही ती पेटी पाहिली. "उतरवा," म्हणाल्या.

"कामून? आता काय करायचं त्याचं? चला, चांगलंच झालं. आमी निघताव."

"मामा, माझ्या माघारी मनायला आलाव ना? मग मना. मला ऐकू द्या."

"जित्या मानसाचं मनत न्हाईत, बाई."

"कव्हर बगा. मी गेलेलीच हाय."

सतरंजी टाकली गेली. वहिनी हात धुऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. पेटीचा भाता हलला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यायनी परवा सांगितलं मला. तुजं गानं मीच बंद केलं, माझंच चुकलं मनले. एवढं सांगायला तीस वरीस लागले यांना, अन् सांगायच्या आधी छापून आनलं." मग पेंटरांकडे वळून, "अवो, बसू नका तिथं. सगळ्यायला चहा ठेवा."

पेंटर आत गेले. या घरात त्यांनी कधी चहा केलेला मी तरी पाहिला नव्हता.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. वहिनी मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या, परक्याच्या कार्यक्रमाला आल्यासारख्या. तिसरं गाणं एका आईचं होतं, लेकराला शाळेत सोडून रानात कामाला जाणाऱ्या आईचं. सखाराममामा तिसऱ्या कडव्याला विसरले. पेटी नुसतीच वाजत राहिली. वहिनींनी पुढचे शब्द सांगितले, नुसते बोलून. मामा ते गायले आणि पुढच्या ओळीला पुन्हा अडकले. वहिनींनी पुन्हा शब्द दिले. त्या वेळी मात्र ते बोलणं राहिलं नव्हतं. आवाज फाटका होता, खाली बसलेला, पण सुरात होता. मामांनी गाणं सोडून दिलं आणि पेटीवर वाकले. म्हाताऱ्या मागून सूर धरू लागल्या.

पेंटर हातात गाळणी घेऊन दारात आले. "कौसा, साखर कुठं हाय?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. गाता गाताच हात वर केला, पंजा त्यांच्याकडं, थांबा म्हणून.

पेंटर थांबले. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक पाय. मी पाहिलेले पेंटर ते शेवटचे, कारण पुढच्याच महिन्यात दोघंही लेकीच्या गावी राहायला गेली. अजून चार कडवी होती. आत चहाचं पाणी आटून पातेलं करपल्याचा वास बाहेरपर्यंत येऊ लागला. पेंटर हलले नाहीत, आणि त्यांना हला असं कोणी म्हणालंही नाही.